आरती उलटी फिरली ती दुपार

"बंद कर! बंद कर ते, मेल्या! माजा हात हाय तो! माज्या हातानं कुनाची मयत काढतंस रं?"

आय ओरडत होती. आणि आय ओरडायला लागली की पावणे गावातल्या कारखान्यांचे भोंगे लाजून गप्प बसायचे, खाडीतले बगळे ठाण्याला जायचे आणि आमचा शेठ, सव्वादोन मणांचा पुरुष, दाराआड सरकायचा. त्या दुपारीही तो सरकलाच. कॉम्प्युटरसमोर राहिलो मी एकटा.

आय म्हणजे शेठची आई. शिरवणे गावची. शेतजमीन नव्या शहराखाली गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या पैशातून लेकाने पावण्यात शेड घेतली आणि कापराच्या वड्या पाडायचा कारखाना काढला. शेठला सगळे दादा म्हणायचे आणि दादाच्या आईला आय. बँकेचा साहेबसुद्धा आयच म्हणायचा. मी तिथला कारकून, टायपिस्ट आणि 'कॉम्प्युटरवाला', तिन्ही एकाच खुर्चीत. कारखान्यात बारा महिने कापूर उडायचा. माझ्या अंगाला असा वास यायचा की नेरूळच्या बसमध्ये म्हाताऱ्या मला बघून हात जोडायच्या. बायकोला दिवस गेल्यापासून तो वास सोसेना, म्हणून मी दारातच कपडे काढून थेट मोरीत शिरायचो. समोरच्या बिऱ्हाडाने याबद्दल सोसायटीत तक्रारही केली होती, पण तो विषय वेगळा.

तर स्क्रीनवर होतं काय? काडेपेटीएवढं चित्र. ऑफिसच्या देव्हाऱ्यातला गणपती, त्याच्यापुढे पितळी ताट, ताटात पेटलेला कापूर आणि ताट धरलेला आयचा हात, दोन्ही पाटल्यांसकट. ताट गोल फिरत होतं. हे चित्र मी बनवलं होतं आणि बनवायला घेतल्यापासून, गेले पंधरा दिवस, मी जमिनीवर पाय ठेवत नव्हतो.

त्या वर्षी ज्याला त्याला इंटरनेटवर दुकान मांडायचं होतं. दादाने कुठेतरी एका कंपनीच्या पानावर झेंडा फडफडताना पाहिला आणि येऊन मला म्हणाला, "आपली आरती फिरली पायजे. झेंडा काय, कोनपन हलवतो." मी म्हणालो, "दादा, टेन्शन नको. फिरवतो." फिरवायची कशी, याचा मला ओ की ठो पत्ता नव्हता. पण नाही म्हणणं आमच्या घराण्यात नाही.

शोधता शोधता कळलं, की फोटो सुधारायचं जे सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे त्यातच हे होतं. वहीच्या कोपऱ्यावर पानागणिक थोडं थोडं बदलत चित्र काढायचं आणि पानं फर्रकन सोडायची, की माणूस पळतो. शाळेत सगळ्यांनी केलंय. इथेही तेच, फक्त पानांच्या जागी काचेसारखे थर, एकावर एक.

मग आयला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. ती ताट धरायची, मी कॅमेरा. "आय, थांबा. आता जरा डावीकडे. थांबा. आता वर. थांबा." तेवढ्यात कापूर विझायचा. कापराच्या कारखान्यात कापूर कमी नव्हता, पण आयचा हात एकच होता. "पोऱ्या, हात भरून आला रं. देव पन कंटालला असंल." असे आठ फोटो. रोल धुऊन आणला वाशीहून, एकेक फोटो स्कॅन केला, गणपती जाग्यावरून हलू नये म्हणून केसाएवढ्या अंतराने मागेपुढे सरकवला आणि आठ थर एकावर एक रचले. पहिला फोटो सगळ्यात वर, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. कागदांची चळत आपण अशीच लावतो ना, एक नंबर वर? शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, किती वेळा फिरवू, एकदा की कायम? मी म्हटलं, आरती ती! कायम फिरव.

ते झालं आदल्या संध्याकाळी. ज्योत हलली, ताट फिरलं, दादाने मला उचलून खाली ठेवलं. आम्ही दोघंही इतके खूश, की ते कुठल्या बाजूने फिरतंय हे बघायचं कोणाला सुचणार? पान इंटरनेटवर चढवलं आणि मी घरी गेलो.

घरी कोणी नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाशीला नेलंय. पळा."

मी पळालो. प्रसूतिगृहात सासूबाई बाकावर बसलेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, कळा अजून धड सुरू नाहीत, पण बाळाचं डोकं वर आहे आणि पाय खाली. थांबून बघू, नाहीतर ऑपरेशन. पायाळू! मी हसून म्हणालो, "वा, पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, घरचा वैद्य आला." कोणी हसलं नाही. मग मी येरझाऱ्या घालायला लागलो. रात्रभर आणि सकाळभर इतक्या घातल्या, की तिथल्या फरशीला पडलेला खळगा अजून बुजलेला नसणार. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला बघून तिचं ब्लडप्रेशर चढतंय. तुम्ही ऑफिसात जाऊन या. इथे काही हललं तर मी खालच्या बूथवरून लगेच फोन करते." मी ऑफिसचा नंबर त्यांच्या तळहातावर पेनाने लिहिला. बायको म्हणाली, "जा, पण लवकर या." तिच्या कपाळावर घाम होता. मी तो पुसला, तर ती म्हणाली, "कापूर." आणि तोंड फिरवलं.

ऑफिसात येऊन बघतो तर दादाने जत्रा भरवलेली. सकाळपासून इंटरनेट लावून ठेवलेलं. आमच्या ऑफिसात फोन एकच, त्याची तार मोडेममध्ये खुपसली की मांजर पाट्यावर वाटल्यासारखा आवाज येऊन इंटरनेट लागायचं. शेजारच्या शेडमधले, टेम्पोवाले, सगळे आरती बघून गेले होते. सगळ्यांत शेवटी आयला मानाने आणून खुर्चीत बसवलेलं. आयने चष्मा लावला. एक फेरी बघितली. दुसरी बघितली. आणि मग तोफ सुटली.

"उलटी फिरवतंस! देवाला असा ओवालतात? असा मयताला फिरतात, मडका घेऊन! दिसत नाय तुला?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. घड्याळाचे काटे जातात तसं ताट जायला हवं. ते काट्यांच्या विरुद्ध चाललं होतं. शांतपणे, न थकता, डावीकडून खाली, खालून उजवीकडे, वर. आयचा हात, आयच्या पाटल्या, आमचा गणपती.

एका क्षणात सगळं लक्षात आलं. सॉफ्टवेअर थर मोजतं ते खालून. सगळ्यात तळाचा तो पहिला. मी एक नंबर वर ठेवला होता, म्हणजे त्याने आठपासून एकाकडे उलटं वाचलं. एवढंच. चळत उलटी. यात मयत कुठून आली?

आणि हे कोण विचारत होतं? मी. सोसायटीच्या गणपतीत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा मी. स्टेजवर नारळ फोडून त्यातून केस काढून दाखवणारा, 'बघा, ही हातचलाखी आहे' म्हणून टाळ्या घेणारा मी. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारा. मी छाती काढून आयला म्हणणार होतो, "आय, असं काही नसतं."

तेवढ्यात आयने आवाज खाली आणला. मला वाटतं, तिने आवाज खाली आणलेला पावण्याने तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

"तुज्या घरात कोन आजारी हाय?"

"आजारी नाही. बायको आहे दवाखान्यात. बाळंतपण."

"बरी हाय?"

"पायाळू आहे म्हणाले मूल. डोकं वर."

"कवा बोलला डाक्टर?"

"काल. संध्याकाळी."

आय स्क्रीनकडे बघत राहिली. "आनि ह्या कवापासून फिरतंय?"

"कालपासून," मी म्हणालो. "संध्याकाळपासून."

आयने पदर तोंडाला लावला आणि बसून राहिली. अहो, ती ओरडत होती तेव्हा मला भीती वाटली नव्हती. नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. पण ती गप्प बसली तेव्हा भीती वाटली; शेजारच्या शेडमधला लेथवालासुद्धा मशीन बंद करून कान देऊन ऐकू लागला. मला दिसत होतं प्रसूतिगृहातलं बाक. त्या खोलीचं हिरवं दार. आणि ते ताट, डावीकडून खाली, खालून उजवीकडे. 'कायम' म्हणून मीच सांगितलं होतं.

दाराआडून दादा म्हणाला, "आये, तसा काय नसतो गं. कॉम्प्युटर हाय तो."

"तू गप. तू बाहेर ये आधी." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "पोऱ्या, सरल कर. आताच्या आता."

मी माउस धरला. माउस हलेना. त्या काळी माउसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि आमच्या माउसच्या पोटात आठवड्याला पावशेर कापूर जायचा. मी तो उलटा केला, झाकण काढलं, गोळी टेबलाखाली गडगडली. दादा सव्वादोन मण खाली वाकला. गोळी त्याने पदरच्या मुलासारखी दोन हातांत उचलून दिली. मी नखाने आतली पुटं खरवडत होतो आणि स्क्रीनवर ताट फिरतच होतं. झाकण काही बसेना.

"इंटरनेटची लाइन तोडू का?" मी विचारलं.

"नको नको," दादा म्हणाला, "सकालपासून एकदाच लागलीय. तोडली तर परत लागायची नाय. लाइन राहू दे."

लाइन राहू दिली. मी सॉफ्टवेअर उघडलं. ते उघडेपर्यंत माणूस काशीला जाऊन यायचा. आठ थर समोर आले. सगळ्यात वरचा धरायचा, ओढत तळाशी न्यायचा. मग नवा वरचा धरायचा, त्याच्यावर सोडायचा. सोपं काम, आंधळ्यानेही केलं असतं. मी तीनदा चुकलो. एकदा सगळेच थर बाजूला घसरले, गणपती चौकटीबाहेर गेला आणि नुसता आयचा हात काळोखात फिरायला लागला. आय किंचाळली. मीही किंचाळलो. खरं सांगायचं तर मी आधी किंचाळलो.

आय उठली. देव्हाऱ्यापाशी गेली, तेच पितळी ताट घेतलं, कापूर लावला आणि खऱ्या गणपतीला ओवाळायला लागली. सरळ. दादा धावत जाऊन शेडकडचं दार लावून आला, कारण पलीकडे दोन खोल्या भरून कापूर होता आणि ठिणगी गेली असती तर आम्ही सगळे खाडीपल्याड सापडलो असतो.

"जितकी उलटी फिरली तितकी मी सरल फिरवतंय," आय म्हणाली.

मी मनात हिशेब केला आणि गार पडलो. ते स्क्रीनवरचं ताट काल संध्याकाळपासून फिरत होतं. आयचं वय सत्तरीपुढे. कॉम्प्युटरचा हात भरून येत नाही.

पुन्हा पुन्हा माझी नजर फोनकडे जायची. काळा फोन, टेबलाच्या कोपऱ्यात, मुका. सासूबाई म्हणाल्या होत्या, काही हललं तर फोन करते. दुपार उतरायला लागली होती. फोन वाजला नव्हता.

"फोन नाय आला म्हंजे सगला ठीक हाय," दादा म्हणाला.

"फोन नाय आला," आय ओवाळता ओवाळता म्हणाली, "म्हंजे सांगायची हिंमत नाय कुनाला."

यानंतर मी फोनकडे बघायचं सोडलं. आपण बघितलं आणि तो वाजला तर? उचलायचा कोणी? मी देवाला सांगितलं, फोन वाजू देऊ नकोस. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही मागितलेलं नाही. आणि बघा, ऐकलं की त्याने.

चळत उलटी झाली. चालवून बघितली. ताट काट्यांच्या दिशेने गेलं. आयला बोलावलं, तिने बघितलं, मान हलवली. आता हे नवीन चित्र जुन्याच्या जागी वर चढवायचं. इंटरनेटवर चित्र चढवणं म्हणजे तेव्हा नळाखाली घागर लावण्यासारखं, तेही तिसऱ्या मजल्यावर, उन्हाळ्यात. पट्टी अर्धी भरली आणि थांबली. आम्ही तिघं श्वास धरून. दादा पुटपुटला, "चल रे बाला, चल." मला वाटलं तो माझ्या पोराला म्हणतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कापराचं असेल. पट्टी पुढे सरकली. भरली.

मी पान उघडलं.

ताट उलटं फिरत होतं.

अंगातलं रक्त पायांत उतरून बुटांत साचलं, असं मला वाटलं. मी सरळ केलं होतं. तिघांनी बघितलं होतं. आणि ते अजूनही डावीकडून खाली, खालून उजवीकडे, तसंच शांत, तसंच न थकता. आयच्या हातातलं ताट कलंडलं. दादा भिंतीला टेकला. म्हणाला, "आता भटजीला बोलवूया का?" आणि मी, नारळातून केस काढणारा मी, म्हणालो, "बोलवा."

मग मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून आठवलं, की हा कॉम्प्युटर एकदा बघितलेलं पान स्वतःकडे ठेवून देतो आणि पुन्हा मागितलं की तेच शिळं वाढतो. ताजं मागायचं बटण वेगळं. मी ते दाबलं. चित्र गेलं. पांढरी चौकट राहिली. मग वरून एकेक रेघ उतरायला लागली. गणपतीचा मुकुट. कान. सोंड. आयच्या पाटल्या. ताट. आणि ताट हललं.

सरळ.

त्या क्षणी मी पोराचं रडणं ऐकलं. पावण्यातून वाशीतलं! मधे रस्ता, कारखाने, भाजीबाजाराचे ट्रक, आणि तरी मी ऐकलं. दादानेही ऐकलं, असं तो पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगायचा. आयने दोन्ही तळवे माझ्या डोक्यावरून फिरवून कडाकड बोटं मोडली. "जा," म्हणाली. "आता जा. काय होनार नाय."

दादाने मला कापराच्या टेम्पोत घातलं. वाशीपर्यंत त्याने ब्रेकला पाय लावला नाही. प्रसूतिगृहाच्या पायऱ्या मी एका उडीत चढलो. सासूबाई त्याच बाकावर होत्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागलं. दोघी बऱ्या आहेत."

मी त्यांच्या पाया पडलो. सासूबाई एरवी बोलायला लागल्या की मे महिन्यात सुरू झालेलं वाक्य दिवाळीत संपायचं. त्या दिवशी पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. दमल्या असतील, मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायको जरा उठून बसली. बाळ तिच्या कुशीत, पाय दुपट्याबाहेर, आणि मी खुर्चीवर. मी तिला सगळी हकीकत सांगितली. आयची आरोळी आयच्याच आवाजात, दादाचं भिंतीला टेकणं, माउसची गोळी, पांढरी चौकट. शेजारच्या कॉटवरच्या बाया कोपरावर उठून ऐकत होत्या. नर्स थर्मामीटर झटकायचं विसरली. "आणि ताट सरळ फिरलं," मी हात वर करून म्हणालो, "त्याच क्षणी, त्याच क्षणी ही जन्मली! मी तिथे बसून हिला सरळ केलं!"

बायकोने डोळे उघडले. बाळाचं पाऊल दुपट्यात घातलं.

"ही त्याच्या कितीतरी आधी झाली," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या कागदावर सही आईने केली. तुमचा फोन एंगेज होता."